साहेबांची पट्टी चार फुटांपासून सुरू व्हायची

अंबरनाथचं रेल्वे फाटक बंद झालं की सगळे सायकलवाले एक पाय जमिनीला टेकून उभे राहायचे. आमचे साहेब मात्र उतरायचे नाहीत. फाटकाच्या अलीकडे, हातगाड्या आणि रिक्षा यांच्यातून वाट काढत ते गोल गोल फिरत राहायचे. एक गाडी जायची, दुसरी यायची, फाटक उघडायचं नाव नाही आणि साहेबांची आपली नववी फेरी चाललेली. कोणी विचारलंच तर सांगायचे, चालत्या सायकलवर विचार चांगले सुचतात. खरं कारण सगळ्या अंबरनाथला ठाऊक होतं. साहेबांची सायकल चोवीस इंची आणि साहेब बुटके. एकदा उतरले असते तर पुन्हा चढायला त्यांना दगड लागला असता.

दगड दोन होते. एक त्यांच्या घरासमोर आणि दुसरा आमच्या कारखान्याच्या गेटच्या आत, गुलमोहोराखाली. दगडावर उभं राहायचं, सायकल बाजूला ओढायची, दांड्यावरून पाय पलीकडे टाकायचा आणि ढकलून द्यायचं. उतरतानाही तोच दगड. दिवाळीच्या आधी वॉचमन गेटच्या कडेचे दगड चुन्याने रंगवायचा, तेव्हा हाही रंगवायचा. नव्या माणसाला वाटायचं की सरकारी मोजणीचा दगड असेल.

हे आमचे साहेब कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसचे चीफ होते. कारखाना पंप बनवायचा. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या अधेमधे, दोन्ही स्टेशनांपासून सारखाच लांब. ऑफिसात सहा ड्राफ्ट्समन आणि ऐंशीच्या दशकात लागलेली मी एकटी ट्रेसर. ड्राफ्ट्समनने पेन्सिलीने काढलेलं चित्र ट्रेसिंग क्लॉथवर शाईने गिरवायचं, हे माझं काम. आमच्या घरात नोकरीला लागलेली पहिली मुलगी मी. सहा महिने प्रोबेशन होतं आणि शेवटी कन्फर्मेशनच्या फॉर्मवर सही करणार होते साहेब. म्हणून त्यांच्यापुढे मी मान खाली घालून असायचे. इतकी वर्षं गेल्यावर ती मान वर करून लिहिते आहे, तेव्हा थोडं तिखट झालं तर होऊ द्या.

साहेबांना जगात एकच गोष्ट कळायची, ती म्हणजे सायकलची चौकट. पंप त्यांनी हजार काढले असतील, पण त्यांचा जीव चौकटीत. पाठीमागे आम्ही त्यांना चौकटसाहेब म्हणायचो. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडायचे आणि साहेब फळ्यावर चौकट काढायचे. दोन त्रिकोण पाठीला पाठ लावून बसले की चौकट होते, त्रिकोण कधी हलत नाही, म्हणून चौकट हलत नाही. रस्त्याचा धक्का आधी चाकाला बसतो, मग चिमट्याला, मग चौकटीला आणि उरलेला माणसाच्या मणक्याला. चौकट मागे रेललेली असेल तर धक्का वाटेतच मरतो, ताठ असेल तर सरळ मानेत येतो. त्यामुळे पोरांनी नव्याने आणलेल्या, सरळ हँडलच्या जाड चाकांच्या सायकली बघून ते नाक मुरडायचे. म्हणायचे, हिच्यावर माणूस बसत नाही, ओणवा होतो. दूधवाल्यांची दोन दांड्यांची सायकल कामाची, पण बघवत नाही. आणि बाविसाची चौकट तर गळा आवळल्यासारखी दिसते, पुढची नळी पार आखूड. चोवीस इंचीच काय ती डौलदार. तिचा दांडा जमिनीला अगदी समांतर. असं म्हणताना त्यांचा हात हवेत एक आडवी रेघ ओढायचा, आणि ती खरंच सरळ असायची.

पंचाईत ही होती की माणूस बोलायचा ते बरोबर असायचं. स्टोअरकीपरची कंबर दुखायची, तर साहेबांनी त्याची सीट जरा पुढे घेतली, हँडल वर केलं आणि आठवड्यात कंबर सुटी झाली. कोणाच्या हातांना का मुंग्या येतात, कोणाची मांडी का भरते, हे लांबून बघून सांगायचे. दुसऱ्याच्या सायकलचं सगळं कळायचं. स्वतःच्या सायकलवर मात्र पेडल खाली गेलं की साहेब त्या बाजूला कलंडायचे, दुसरं खाली गेलं की दुसऱ्या बाजूला. सीटवर बसून घरापासून कारखान्यापर्यंत कंबर घासत जायचे. जात्यावर बसलेली बाई जितकी हलत नाही तितके हलायचे. आणि आम्हाला सांगायचे, चौकट अंगाला बसली पाहिजे.

कोणी म्हणालं की अमुक चूक आहे, तर त्यांचं एकच उत्तर ठरलेलं होतं. आधी पट्टी तपासा. ड्रॉइंग जुळत नाही? आधी पट्टी तपासा. चहात साखर कमी आहे? चहावाल्याच्या चमच्याचं माप घ्या. एकदा ड्राफ्ट्समनपैकी एकाच्या बायकोला मुलगी झाली आणि वजन कमी भरलं, तर साहेब त्याला हेच सांगून मोकळे झाले. माणूस चुकतो हे त्यांना कबूल नव्हतं. पट्टी चुकते.

आता त्या पट्टीकडे येते.

ड्रॉइंग ऑफिसच्या दाराच्या चौकटीवर साहेबांनी स्वतःच्या हाताने उंची मोजायची पट्टी रंगवली होती. काळा रंग, सुबक आकडे, इंचाइंचाच्या खुणा. सायकलचं माप घ्यायचं तर आधी माणसाचं माप घ्यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. पट्टी चार फुटांपासून सुरू व्हायची. त्याखाली नुसतं लाकूड. चार फुटांखालचा माणूस ड्रॉइंग ऑफिसात कशाला येईल, असं साहेब म्हणायचे, आणि आम्हाला ते पटायचं. नवा माणूस लागला की पहिल्या दिवशी त्याला दारात उभं करायचे, डोक्यावर काटकोनाचा गुण्या ठेवायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. गंमत अशी की दारात उभा राहिलेला प्रत्येक जण खूश होऊन बाहेर यायचा. सीनियर ड्राफ्ट्समन पाच अकरा निघाले होते आणि तेव्हापासून दारातून जाताना उगाच वाकायचे. साहेब स्वतः पाच सहा. त्यांच्याच सूत्राप्रमाणे पाच सहाच्या माणसाला चोवीस इंची चौकट चालते. म्हणजे दगडाचा प्रश्न मिटला.

मी पाच तीन निघाले. मला आयुष्यात कोणी मोजलं नव्हतं. घरी येऊन आईला सांगितलं, तर तिने तेवढ्यात शेजारच्या काकूंना ऐकवलं. माझ्या लग्नासाठी बाबांनी बायोडाटा टाइप करून घेतला होता, त्यात उंचीची जागा रिकामी होती. दुसऱ्या दिवशी तिथे पाच फूट तीन इंच आलं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

मी राहायचे बदलापूरला, बुद्धविहाराच्या गल्लीत. कारखान्याच्या बाजूला रिक्षा यायच्या नाहीत आणि पायी निघालं तर दीड तास. आमच्या गल्लीत एक नर्सबाई राहायच्या. त्यांची बदली झाली तेव्हा त्यांनी आपली लेडीज सायकल मला दिली. निळी, जुनी, पुढून दोन नळ्या वाकून खाली उतरलेल्या, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी. आईच्या मते कारखान्यात साडीशिवाय जायचं नाही, आणि त्या सायकलवर साडी नेसून बसताना काही वाटायचंच नाही. पाय उचलायला नको, कोणाकडे बघायला नको. टेकवायचा म्हटलं की पाय जमिनीवर. पाऊण तासात कारखाना. चिखलोलीच्या उतारावर तर मी पेडल मारायचं सोडून द्यायचे. माझ्या आयुष्यात माझी अशी पहिलीच वस्तू असेल ती.

तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी ती बघितली. स्टँडमध्ये जाऊन हँडल एका हाताने आणि सीट दुसऱ्या हाताने धरून पिळलं. चौकट थोडी वळली. त्यांचा चेहरा घरातलं कोणी गेल्यासारखा झाला. ऑफिसात येऊन फळ्यावर माझी सायकल काढली आणि सगळ्यांना दाखवलं की इथे त्रिकोणच नाही. बायकांना साडी सांभाळता यावी म्हणून या लोकांनी दांडा काढला आणि वाकलेली नळी घातली. हे कपडे वाळत घालायचं हँगर आहे, सायकल नव्हे. दिसायलाही वाईट आणि एक दिवस मधोमध बसेल. मी म्हणाले, मला बरी वाटते. साहेब म्हणाले की वाटण्याला माप नसतं.

मग त्यांनी जाहीर केलं की माझ्यासाठी ते स्वतः चौकट काढणार. खर्च त्यांचा. मी फक्त माप द्यायचं. ते तर दारावर होतंच. मी नाही कशी म्हणणार? फॉर्म त्यांच्या खणात होता.

आठ दिवस कंपनीचा कागद खर्ची घालून साहेबांनी चित्र काढलं. चित्र सुंदर होतं, हे कबूल करते. वाकलेल्या नळीऐवजी दोन बारीक सरळ नळ्या, हँडलपासून निघून सीटच्या नळीला दोन्ही बाजूंनी लगटून थेट मागच्या चाकापर्यंत गेलेल्या. त्रिकोणही झाला आणि साडीलाही वाट मिळाली. प्रत्येक कोन लिहिलेला. कोपऱ्यात चौकटीत नोंद: आरोहक स्त्री, उंची पाच फूट तीन इंच. ते चित्र शाईने गिरवायला साहेबांनी माझ्याकडेच दिलं, आणि मीही जीव ओतून गिरवलं.

एका रविवारी आम्ही उल्हासनगरला गेलो, कॅम्प नंबर तीनला. बाजाराच्या मागे, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत एक सिंधी गृहस्थ होते. जीन्सचे गठ्ठे वाहायच्या लोखंडी गाड्या बनवायचे आणि सायकलच्या मोडलेल्या चौकटी गॅसवर पितळेने सांधून द्यायचे. डोळ्यावर काळा चष्मा, बनियनला भोकं. साहेबांनी चित्र पसरलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं, मग चष्मा वर करून मला बघितलं. मग परत चित्र.

"साईं, ये किसके लिए है?"

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"बहनजी के लिए बड़ा नहीं होगा?"

साहेबांनी कोपऱ्यातल्या नोंदीवर बोट ठेवलं आणि कागज देखो, म्हणाले. सिंधी गृहस्थांनी खांदे उडवले.

"कागज में जो है, वो बना देगा. लेकिन बैठेगी बहनजी. कागज थोड़ी बैठेगा."

परतताना साहेब सगळ्या वाटेने सांगत होते की या लोकांना ड्रॉइंग वाचता येत नाही. मीही मान हलवली. त्या काळ्या चष्म्याच्या माणसाने एका नजरेत जे मोजलं होतं ते आम्हा ड्रॉइंग ऑफिसातल्या आठ जणांना कळलं नव्हतं, आणि मान हलवणाऱ्यांत मीही होते.

चौकट आली. तिला चाकं, चिमटा, हँडल, सीट सगळं माझ्या निळ्या सायकलचं काढून लावलं. निळी चौकट उघडी पडली. ती साहेबांनी ऑफिसच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगली आणि खाली स्टेन्सिलच्या अक्षरांत पाटी लावली: काय करू नये.

नव्या सायकलवर पहिल्या दिवशी बसले आणि कळलं की माझे पाय पोचत नाहीत. पेडल खाली गेलं की चवड्याचं टोक तेवढं लागायचं. सीट खाली घ्यावी तर ती आधीच तळाला बसलेली. हँडल इतकं लांब की खांदे दिवसभर भरलेले. तिरक्या नळ्या उंच आल्यामुळे निऱ्या अडकायच्या. साहेबांना सांगितलं की मोठी वाटते. साहेबांनी दारात उभं केलं, गुण्या ठेवला, पाच तीन वाचलं आणि म्हणाले, आधी पट्टी तपासा म्हणतो ना मी, ती तपासली. सायकल पाच तीनची आहे, तुम्ही पाच तीनच्या आहात. तुम्हाला बसता येत नसेल.

आणि मला तेच खरं वाटलं. हे सांगायला लाज वाटते. दोन महिने मी समजत होते की माझ्या पायातच काहीतरी कमी आहे. घरी पलंगावर झोपून पाय ताणायचे. आरशासमोर उभं राहून खांदे मागे न्यायचे. कंबर घासत पेडल मारायचे, जात्यावरच्या बाईसारखीच. रोज सकाळी आठला पाच कमी असताना गेटच्या आतल्या त्या चुन्याच्या दगडापाशी आमच्या दोघांची रांग लागायची. आधी साहेब उतरायचे, मग मी. वॉचमन तोंड फिरवून हसायचा. साहेब मात्र प्रसन्न असायचे. दोघांच्याही चौकटी योग्य मापाच्या आहेत, यावर त्यांचा विश्वास.

वाटेत मात्र दगड नव्हता. चेन पडली तर मी उतरायचे, म्हणजे अर्धी पडायचेच, आणि चेन बसवून पुन्हा चढायला कुठेतरी मोरीचा कठडा सापडेपर्यंत सायकल हातात धरून चालायचे. असे तीन लेट मार्क लागले. टाइम ऑफिसातल्या बाबूने सांगून ठेवलं होतं की चौथा लागला तर साहेबांची सही असली तरी फॉर्म वरून परत येईल. घरी हे मी कोणाला सांगितलं नाही. पहाटे साडेपाचला निघायला लागले.

माझ्या प्रोबेशनचा शेवटचा महिना होता आणि खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी काम नसतं. मशिनी धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात, आम्ही ड्रॉइंग बोर्डांची आणि टी-स्क्वेअरची पूजा करतो. नवे मॅनेजर आलेले होते, वयाने लहान, स्वतः इंजिनिअर. साहेबांनी त्यांना दाखवायला माझी सायकल अंगणाच्या मधोमध उभी केली, माळ घातली, शेजारी बोर्डावर चित्र टाचलं. आणि मला म्हणाले, एक फेरी मारून दाखवा.

मी दगडावर चढून बसले आणि निघाले. पहिली फेरी बरी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थांबायचं म्हटलं तर पाय टेकेना, म्हणून दुसरी मारली. तिसरी मारली. फाटकाशी साहेब फिरतात तशी मी फिरत होते, आणि लोकांना वाटलं कौतुकाने फिरते आहे. चौथ्या फेरीला गेटजवळच्या दगडाचा नेम धरला. पण त्या दिवशी कामगारांनी चेष्टेने दगडाचीही पूजा केली होती. वर हळदकुंकू, झेंडू आणि फोडलेला ओला नारळ. माझा पाय त्यावरून घसरला आणि मी सायकलसकट खाली. साडी फाटली, गुडघा फुटला.

मॅनेजर धावत आले. त्यांनी आधी मला उठवलं, मग सायकल उचलली, माझ्या शेजारी उभी करून बघितली.

"ही कोणाच्या मापाची आहे?"

साहेबांनी चित्र पुढे केलं. पाच तीन. मॅनेजर मला बघून हसले आणि स्टोअरकीपरला स्टीलचा टेप आणायला सांगितलं. मला भिंतीला लावून उभं केलं. स्टोअरकीपरने वाचलं, चार अकरा.

"आधी पट्टी तपासा," साहेब म्हणाले.

"साहेब, परवाच तपासून आलीय," स्टोअरकीपर म्हणाला.

मॅनेजर ड्रॉइंग ऑफिसकडे निघाले. आम्ही सगळे मागे, मी लंगडत. दारावरच्या पट्टीच्या चार फुटांच्या खुणेवर त्यांनी टेप लावला आणि खाली जमिनीपर्यंत सोडला. तीन फूट आठ इंच. तिथे उभ्या असलेल्या सहाच्या सहा ड्राफ्ट्समनांचे ओठ हलले. प्रत्येक जण स्वतःच्या उंचीतून चार वजा करत होता.

स्टोअरकीपरच्या हातात टेप तसाच लोंबत होता. साहेब माझ्याकडे बघत होते. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हाही कळला होता. पहिल्यांदा मोजलं तेव्हा मी जाड टाचांच्या चपला घातल्या होत्या, बाई माणसाचं माप चुकलं, असं काहीतरी मी बोलले असते तर सगळे हसून चहाला गेले असते. मला आठवला तो पलंग, ज्यावर मी दोन महिने पाय ताणत होते.

"साहेबांचंही घ्या," मी म्हणाले.

साहेबांनी स्वतःच बूट काढले. बुटात टाचेखाली घड्या घालून ठेवलेलं ट्रेसिंग क्लॉथ होतं. मी ओळखलं, माझ्याच रोलच्या कडेचं. ते भिंतीला टेकून उभे राहिले, मोज्यांवर, ताठ. स्टोअरकीपरने हळू आवाजात सांगितलं, पाच दोन. आधी एक हसला, मग सगळे. सगळ्यांत मोठ्याने मी हसले, गुडघ्यातून रक्त येत असताना.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी मी पायी निघाले, कारण सायकल कारखान्यातच पडली होती. साडेसहाला निघून आठच्या आत पोचले. ड्रॉइंग ऑफिसात साहेब जमिनीवर मांडी घालून बसलेले, बाह्या सरसावलेल्या, हात ग्रीसने काळे. समोर माझी निळी चौकट. तिला चाकं लावून झाली होती, चेन बसवत होते. भिंतीवरच्या खिळ्याला त्यांनी माझ्यासाठी काढलेली चौकट टांगलेली, आणि तिच्याखाली तीच पाटी. काय करू नये.

"ही तुम्हाला बसते," ते म्हणाले. वर बघितलं नाही.

दारावरची पट्टीही त्यांनी घासून नव्याने रंगवली होती. या वेळी जमिनीपासून, शून्यापासून. आणि माझ्या टेबलावर फॉर्म होता, सही केलेला. शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं: मापाला पक्की.

आता इथे मला पाझर फुटला असं लिहायला हवं. नाही फुटला. मी फॉर्म घेतला आणि टाइम ऑफिसात नेऊन दिला. निळ्या सायकलवर मी पुढे कितीतरी वर्षं कारखान्यात गेले, पाय टेकवत, उतारावर पेडल सोडून. साहेबांनी स्वतःची सायकल काही बदलली नाही. फाटकाशी त्यांच्या फेऱ्या चालूच. लोकांना कंबर कशी ठेवावी हे सांगणंही चालूच. फक्त आता कोणी ऐकत नव्हतं.

खरा तमाशा ऑफिसात झाला. खोटी पट्टी रंगवली तेव्हा साहेबांवर कोणी रागावलं नव्हतं. खरी रंगवली आणि सहाही जण त्यांच्यावर उलटले. सहा माणसांची मिळून दोन फूट उंची गेली होती. सीनियर ड्राफ्ट्समन दारातून वाकून जायचे ते बंद झालं आणि साहेबांबरोबरचा चहाही. म्हातारपणी हे काय सुचलं, होतं ते काय वाईट होतं, अशी बोलणी त्यांच्या पाठीमागे व्हायची, आणि पुढेपुढे समोरही. कोणी दारात उभं राहीना. पुढच्या वर्षी ऑफिसला रंग काढला तेव्हा दाराच्या चौकटीवरही ऑइल पेंटचा जाड हात फिरला आणि शून्यापासूनची ती पट्टी गेली. कोणी सांगितलं होतं पेंटरला, ते कधीच बाहेर आलं नाही. साहेबांनी पुन्हा रंगवली नाही. त्याच साली ते रिटायर झाले. निरोपसमारंभात त्यांना काय द्यायचं यावर बरीच चेष्टा झाली. दगड द्या, असं एकाने सुचवलं. मीही हसले.

आमच्या घरी त्या बायोडाट्यात मात्र पाच तीन तसंच राहिलं. आईला मी कधी सांगितलं नाही. अंबरनाथच्या एका शिक्षकांचं स्थळ आलं. मुलगा पाच सहा, मुलगी पाच तीन, जोडा छान दिसेल, असं दोन्हीकडचे म्हणाले. लग्न झालं. माझ्या नवऱ्याची उंची कोणी मोजली होती, तेही मी विचारलं नाही.

काही वर्षांनी, नव्वदच्या दशकात, कारखान्यात सगळ्यांची तब्येत तपासायला डॉक्टर आले. तोवर मी स्वतः सीनियर झाले होते, माझ्या हाताखाली दोन मुली होत्या, आणि त्या माझ्यामागे रांगेत होत्या. उंची मोजायच्या खांबाशी एक तरुण नर्स होती. तिने वरची पट्टी माझ्या डोक्यावर आणून टेकवली.

"ताई, चार अकरा."

"आधी पट्टी तपासा," मी म्हणाले.

तिने खांबाकडे बघितलं, खुणा पायापासून वरपर्यंत सरळ होत्या. मग मागच्या रांगेकडे बघितलं आणि विचारलं, मग किती लिहू? मी सांगितलं. तिने वैतागून पाच तीन लिहिलं, आणि मी खाली सही केली.